रा. रा. फॉन्टकॉन्फिगसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. फॉन्टकॉन्फिगसाहेब यांसी, स. न. वि. वि.

लिनक्सच्या पडद्यावर एखादं अक्षर उमटायचं तर बहुतेक अर्ज आधी आपल्या टेबलावर येतात आणि कोणता फॉन्ट द्यायचा ते आपण ठरवता. आपला सर्वांत थोर गुण असा की आपण कोणाला नाही म्हणत नाही. टर्मिनलमध्ये एफसी-मॅच लिहून पुढे ‘थालीपीठ बोल्ड’ असं नाव टाकावं. आपण कपाळाला आठी न घालता अनेकदा डेजाव्हू सॅन्स पुढे करता. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नसतं, पण मागणी पूर्ण झाल्याची नोंद होते! आमचा किराणावाला आंबेमोहोर संपला तर निदान ‘कोलम देऊ का?’ एवढं विचारतो.

आपलं दफ्तर मात्र व्यवस्थित आहे. नियमांच्या प्रत्येक फाइलला क्रमांक. 60 वर लॅटिन, 65 वर ‘नॉनलॅटिन’. या दुसऱ्या फाइलीत चिनी, जपानी, कोरियन, फारसी आणि आम्ही, सगळे एका चाळीत. शेजार चांगला आहे, तक्रार नाही. फक्त ‘लॅटिन नसलेले’ एवढीच आमची ओळख दारावर लावलीत, त्याचं कौतुक वाटलं.

आमची स्वतःची सेटिंगची फाइल आपण 50 व्या क्रमांकावर वाचता, म्हणजे गाऱ्हाणं ऐकून घेता. पण पुढे 90 वर आपला कृत्रिम कारखाना बसला आहे. तिरकी अक्षरं मागितली आणि फॉन्टात ती नसली, की आपण उभ्याच अक्षरांना पाचास एक या उतारावर ढकलता. काना, वेलांटी, रफार सगळे वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे कलतात. ठळक जाडी नसली की आहे त्याच रेषा फुगवता. मग ‘क्ष’ आणि ‘द्ध’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि बारीक आकारात वाचणाऱ्याला अंदाजानेच पुढे जावं लागतं.

आता ल आणि श. राज्य शासनाने नोव्हेंबर 2022 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायला सांगितलं. बऱ्याच फॉन्टांत मात्र आपोआप हिंदी वळण मिळतं. मराठी वळण आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कोणी सांगितलं तरच बाहेर येतं. तो सांगावा पोचवणं आपलं काम नव्हे, अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझचं नि प्रोग्रॅमचं, हे मान्य. पण ज्या फॉन्टात मराठी वळणच नाही तो आपण त्यांच्या हाती दिलात, तर त्यांनी काय करावं?

तेव्हा विनंती एवढीच. मराठीसाठी फॉन्ट निवडताना नुसती अक्षरं आहेत का हे मोजू नका, वळण कोणाचं आहे तेही बघा. हवा तो फॉन्ट नसेल तर एका ओळीत तसं सांगा. आम्ही रागावणार नाही, डाउनलोड करून घेऊ. आणि देवनागरी तिरकी करण्याआधी विचारा.

आपला,
65 व्या फाइलीतला एक रहिवासी

ता. क. : फॉन्टची फाइल योग्य फोल्डरात टाकून, एफसी-कॅश चालवून, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आहे. कृपया तोच सल्ला उलट टपाली पाठवू नये.