'रंग पक्का' म्हणणाऱ्या दुकानदारास

दुकानदार भाऊ,

राजुऱ्याच्या बाजारात तुमच्या गल्ल्यासमोर उभं राहून मी दोनदा विचारलं होतं, "लाल रंग पक्का आहे ना?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एकदम पक्का, बाई." त्या शब्दावर दोऱ्याच्या चार लच्छ्या घेतल्या आणि भाचीच्या रुखवतासाठी दोन पांढरे अभ्रे भरले. पळसाची फुलं भरीव टाक्यात, देठं दांडी टाक्यात. दोन महिन्यांच्या दुपारी त्यात गेल्या. परवा थंड पाण्यात बुडवले आणि पळस उशीभर पसरला. फुलं फिकी, कापड गुलाबी! अभ्रे ओले होते तोवर किती पाणी बदललं, ते माझ्या बोटांना विचारा.

तुमच्या लच्छीवर कागदी पट्टी नव्हती. त्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं, रंगाचा क्रमांक असतो, आठ मीटरचा हिशेब असतो. पट्टी नसली की जाब द्यायला कुणीच उरत नाही. ही सोय गिऱ्हाइकाची नाही, तुमची आहे.

आमच्याकडून काही राहिलं का, तेही सांगते. दोरा सहा पदरी असतो. फुलाला दोन पदर, देठाला तीन. एकेक पदर सुटा ओढून पुन्हा शेजारी लावला, म्हणजे टाका सपाट बसतो. कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढाच दोरा ओवला, कारण लांब दोरा कापडातून ये-जा करून झिजतो आणि त्याची चमक जाते. आणि ती चमक काही रंगाची नसते, भाऊ. जॉन मर्सरने १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. पुढे सूत ताणून धरून ती केली तेव्हा ही झळाळी आली. असं सूत रंगही जास्त पितं. पण पिणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं. कच्चा रंग पाणी लागताच उठून चालू लागतो.

आपल्या तालुक्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो. वेचणीला वाकलेल्या बायांच्या पाठी तुम्हीही पाहिल्या असतील. त्या पांढऱ्या बोंडाच्या मुलखात बसून तुम्ही सुताबद्दल खोटं बोललात, याचा मला लच्छीच्या पैशांपेक्षा जास्त राग आहे.

तपासायला काय लागतं? वीतभर दोरा ओला करायचा आणि पांढऱ्या चिंधीत दाबायचा. लाल, काळा, गडद निळा, हे तीन तरी विकण्याआधी एवढं करा. रंग उतरला तर "कच्चा आहे" म्हणून सांगा. ज्याला न धुण्याच्या तोरणाला हवा, तो घेईल.

सोमवारी मी दुकानात येते आहे. अभ्रे, वाटी आणि चिंधी माझी. लच्छ्या तुम्ही काढा.

तुमची गिऱ्हाईक