बोळातली बोळवण

शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रजांचं मुंबई बेट इथं संपायचं, खाडीपलीकडे साष्टीत पोर्तुगीज. म्हणून तर कंपनी सरकारने सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला. आता ही हद्द फक्त रिक्षावाले पाळतात. शीव आलं की उतरा, पुढे टॅक्सी बघा. बाकी कुणाला हद्द म्हणून उरलेली नाही, मजल्यांना तर नाहीच.

इथल्याच शीव कोळीवाड्यात पत्र्याच्या कुंपणांवर हल्ली भावी टॉवरची चित्रं झळकतात. टॉवर, हिरवळ, दोन सायकली आणि कुत्र्याला फिरवणारी एक बाई. गल्ली मात्र कुठेच नाही. बाई तिथवर पोचली कशी, हे चित्रकारालाच ठाऊक.

नियमाला नावं ठेवू नयेत. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ ने एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते, चक्क रस्त्याच्या रुंदीला बांधलाय. शहर भागात रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर १.३३, २७ मीटर किंवा जास्त असेल तर ३ पर्यंत. एवढं शहाणपण वाचून मला गहिवरून आलं. मग पान उलटलं. पुढे ३३ क्रमांकाच्या घरात उपनियमांची बिऱ्हाडं: म्हाडाचा ३३(५), उपकरप्राप्त इमारतींचा ३३(७), झोपडपट्टीचा ३३(१०). प्रत्येकाची चूल वेगळी, एफएसआय वेगळा, सवलती वेगळ्या. थोरल्याने ‘नाही’ म्हटलं की धाकट्याकडे जायचं, एकत्र कुटुंबात चालतं तसंच.

घरं नकोत असं म्हणायला मी करंटा नाही. इथल्या पंजाबी कॉलनीत फाळणीनंतर आलेल्यांच्या २५ इमारती होत्या, १२०० घरं. धोकादायक ठरून त्या गेल्या, माणसं भाड्याने विखुरली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने म्हाडाकडून पुनर्विकासाचा मार्ग मोकळा केला. कोळंबीला ‘कोळीवाडा’ हे आडनाव देणारी ही वस्ती. तिला घर मिळालंच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की या भागात कुणालाही विचारा, नव्या घराचे चौरस फूट तोंडपाठ असतात. समोरचा रस्ता किती फूट, म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात.

शीवचा १९१२ सालचा रेल्वेपूल आठवा. पाडायचा ठरला तेव्हा २० जानेवारी २०२४, मग २९ फेब्रुवारी, मग २८ मार्च अशा तारखा पडत गेल्या आणि अखेर १ ऑगस्टला तो बंद झाला. दहावी-बारावीच्या परीक्षा, निवडणूक, आणि मुख्य म्हणजे वाहनं जाणार कुठून? अगदी रास्त प्रश्न. टॉवरच्या बाबतीत या प्रश्नापायी एखादी तारीख पुढे गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट ९० चौरस मीटरच्या वरच्या घराला दोन गाड्यांची जागा ठेवणं बंधनकारक. त्या गाड्या पोडियमवर मजले चढून सुखाने झोपतील. सकाळी उठून उतरायचं मात्र आमच्याच गल्लीत, एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला पिंप आणि मध्ये वाळत घातलेले बोंबील.

आणि आग लागली तर? अग्निशमन दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, जय्यत. पण ती गाडी दोन्ही बाजूंना पाय पसरून रोवते, तेव्हा शिडी वर जाते. आमच्या बोळात मांजर आळस देतं तेही पाळीपाळीने.

परवा एक सर्व्हेवाला टेप घेऊन आला. पहाटे साडेपाचला, तेव्हाच म्हणे ‘रस्ता मोकळा मिळतो’. एका ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप ताणली, जे आलं ते बघितलं, आणि वहीत वेगळंच लिहिलं. पाटी घेऊन बाजारात निघालेली मावशी थबकली.

“काय रे, किती भरला?”

“मावशी, नकाशात नऊ मीटर आहे. रुंदीकरण दाखवलंय.”

“मग बंबपण नकाशातनंच येल ना रे?”

तो हसला, टेप गुंडाळली आणि निघाला. तेवढ्यात तोंडाशी पाण्याचा टँकर शिरला. दहा मिनिटं तो पोरगा मावशीच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, वही छातीशी धरून उभा होता.