डबा, पोतं आणि जिनिव्हा

आमच्या घरात जागतिक व्यापार संघटनेची बैठक दर दिवाळीला भरते. स्थळ: सातारा, स्वयंपाकघर, ओट्यासमोरची जमीन. सदस्य राष्ट्रं दोन. एक आमची सौभाग्यवती, जिला तेल, डाळ, बेदाणा सगळं स्वस्त हवं. दुसरा तिचा सख्खा भाऊ, तासगावकडचा बागायतदार, ज्याला यातलंच बरंचसं महाग हवं. मी दाजी, म्हणून लवाद. जिनिव्हातलं अपिलाचं खंडपीठ अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून बंद पडलं आहे. आमच्याकडचं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच पडलं.

यंदा तंटा होता तेलाच्या डब्याचा. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावर शून्याचं 20 टक्के मूळ आयात शुल्क केलं. सोयाबीनवाल्याचं भलं व्हावं, हा हेतू. मेहुण्याने गावात पेढे वाटले. साताऱ्याचे कंदी पेढे, म्हणजे अर्थात माझ्या खर्चाने. इकडे कोपऱ्यावरच्या दुकानातला डबा त्याच संध्याकाळी महागला. तेल बंदरातून साताऱ्याला यायला दिवस लागतात, भाव बातमीच्या पाठीवर बसून येतो. केंद्राला तेलवाल्यांना बोलावून सांगावं लागलं की बाबांनो, शून्य शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत तरी जुनी किंमत ठेवा. सांगितलं, एवढं नक्की.

पुढं 30 मे 2025 ला तेच शुल्क 20 वरून 10 वर आलं. सौभाग्यवती हुरूपाने पिशवी घेऊन निघाली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा जुना माल हाय." शुल्क चढतं तेव्हा दुकानातला सगळा माल नवा असतो, उतरतं तेव्हा सगळा जुना. अर्थशास्त्रात याला लांबलचक नाव असेल, आम्ही त्याला दुकान म्हणतो.

"दाजी, डबा उतरंना म्हणून ताई रडती," मेहुणा म्हणाला, "पर आमचं पोतं बघा की. त्येला कुणी जुना माल म्हणत न्हाई. टीव्हीवर बातमी आली की पोतं सौद्यात पोचायच्या आधी उतरतंय." 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजार समितीत पुकारा त्याच्या बराच खालून सुरू व्हायचा. हमी होती, भाव नव्हता.

पुस्तकात ही भानगड नाही. पुस्तकात ग्राहक एका पानावर राहतो आणि उत्पादक दुसऱ्या. दोघांची बेरीज-वजाबाकी करून देश सुखी झाला की नाही ते तळाशी लिहितात. आमच्या मेहुण्याचा मात्र एक पाय या पानावर, एक त्या. सोयाबीन विकून तो त्याच बाजारातून इंडोनेशियाच्या पामतेलाची पिशवी घेऊन घरी जातो. रिकार्डोने 1817 साली इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन खुल्या व्यापाराचा हिशेब मांडला. आमच्या सासऱ्यांनी तो साताऱ्याचे पेढे आणि सांगलीचं भडंग घेऊन मांडला आणि आमचं लग्न ठरवलं. तो करार अजून टिकून आहे, दोन्हीकडून शुल्क शून्य. फक्त भडंग परततात ते तेल कुठल्या देशाचं, हे कुणी विचारायचं नाही.

पेटिया तोपालोवा नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मात्र जिल्हावार हिशेब केला. 1990 ला 80 टक्क्यांच्या वर असलेलं आपलं सरासरी आयात शुल्क 1996 पर्यंत 37 टक्क्यांवर आलं. ज्या ग्रामीण जिल्ह्यांना या कपातीचा धक्का जास्त बसला, तिथली गरिबी इतरांपेक्षा सावकाश हटली, असं त्यांना दिसलं. एक मोठं कारण म्हणे, माणसं जागची हलत नाहीत. बाई बहुधा विट्याला आल्या नसाव्यात. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळणाऱ्याला गाव विचारा. विटा, खानापूर, आटपाडी यांपैकी काहीतरी ऐकू येईल. पाटण-जावळीकडची माणसं तर मुंबईत माथाडी झाली. जगभरची आयात त्यांच्याच पाठीवरून उतरली. यांना हलवलं ते दुष्काळानं आणि डोंगरानं, तेही जागतिक व्यापार कराराचा डंकेलसाहेबाचा मसुदा येण्याच्या कितीतरी आधी.

त्या डंकेलवरून आमच्या सासरी ओसरीवर भांडणं झाली होती. पुष्कळांना वाटत होतं की आता बी-बियाणंही गोऱ्याला विचारून पेरायचं. शेतकरी नेते शरद जोशी मात्र उलटं सांगत फिरत होते: शेतकऱ्याला सबसिडी कसली मिळते, उणे सबसिडी मिळते, बाजार खुला करा. सासरे जोशींच्या बाजूचे. त्यांना दार उघडायचं होतं, पण सरकारनं बसवलेलं दार एकाच बाजूला उघडतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. भाव चढला की आयात आत आणि निर्यात बंद. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची झाली तशी. भाव पडला की मग शेतकऱ्यानं जागतिक स्पर्धेला तोंड द्यावं. साखरेला 2022 पासून निर्यातीसाठी परवानगीची वाट बघावी लागते. द्राक्षाला ती लागत नाही, पण 2010 साली युरोपने औषधाचा अंश सापडला म्हणून कंटेनर अडवले, तेव्हा मेहुण्याला कळलं की दुसऱ्याच्या दारालाही कडी असते.

लवादाचा निकाल काही लागला नाही. सौभाग्यवतीने चहाबरोबर शिऱ्याच्या बशा आणून ठेवल्या. मेहुण्याने शिऱ्यातला एक बेदाणा उचलला, बोटात चोळला, उजेडात धरला.

"ताई, ह्यो आपला न्हाय."

ती गप्प. चीनचा बेदाणा शुल्क चुकवून येतो म्हणून हाच माणूस मोर्चाला जाऊन आला होता.

"कितीला घेतलास?"

तिने हळूच आकडा सांगितला. त्याने बेदाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

"मग मलाबी दोन किलो सांगून ठेव," तो म्हणाला. "बारकीच्या लग्नाला बुंदीत घालायला लागणार. आमचा कोल्ड स्टोरेजला हाय. भाव आल्याबिगर काढायचा न्हाय."