नायडॉर्फकाका

निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात, नाहीतर नातवंडं. आमच्या काकांनी नायडॉर्फ सांभाळला. नायडॉर्फ म्हणजे बुद्धिबळातल्या सिसिलियन बचावात काळ्यानं पाचव्या खेळीला वजिराकडचं कडेचं प्यादं एकच घर, ए-६ला सरकवायचं. एवढ्याशा चालीवर त्यांच्या कपाटात ९ पुस्तकं आहेत. मिगेल नायडॉर्फ १९३९ साली ऑलिंपियाडसाठी पोलंडहून ब्वेनोस आयर्सला गेला, मागे युद्ध पेटलं आणि तो तिकडेच राहिला. काका हे असं सांगतात की, त्याला बोटीवर सोडायला हेच गेले होते. "फिशर हेच खेळायचा, कास्पारॉव्ह हेच खेळायचा," म्हणतात आणि थांबतात. तिसरं नाव आपण घ्यायचं असतं.

मार्च २०२४मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं खालच्या खेळाडूंची रेटिंग सरसकट वर ढकलली. काका एक प्यादंही न हलवता ११०० वरून १४६०वर पोचले. पेढे वाटले. "अभ्यास कधीतरी दिसतोच!"

परवा मंगल कार्यालयातल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीला समोर ९ वर्षांची मुलगी. पाय टेकेनात म्हणून खुर्चीत मांडी घालून बसलेली. काकांनी थर्मास ठेवला, पेनाचं टोपण काढलं, घोडे घरात मधोमध बसवले. ई-४, सी-५. तिचा घोडा एफ-३, यांचं प्यादं डी-६. पंगतीत जिलेबीचं ताट दिसावं तसा चेहरा खुलला. आता ही डी-४ खेळणार, मग नायडॉर्फ...

तिनं सी-३ खेळलं.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पंचांकडे. तक्रारीला जागा नव्हती. २२ मिनिटं गेली. मुलगी पाणी पिऊन आली, दाराशी आईला भेटून आली. शेवटी काकांचा घोडा एफ-६ला निघाला. तिनं उंट ई-२ला ठेवला. ई-४चं प्यादं उघडं! काकांनी ते घोड्यानं उचललं आणि स्कोअरशीटवर उद्गारचिन्ह काढलं, जे नियमात बसत नाही.

वजीर ए-४. शह. आणि त्याच आडव्या पट्टीत पलीकडे काकांचा घोडा. शेजारच्या पटावरच्या माणसानं आधी जीभ चावली, मग काकांना कळलं.

बाहेर वडापावच्या गाडीवर भेटले. "ओपनिंग उत्तम झालं होतं."

"पाचव्या खेळीलाच घोडा अडकला ना?"

"ते ओपनिंग नव्हेच! हल्लीची मुलं पुस्तकं वाचत नाहीत."

तेवढ्यात ती मुलगी आली. "आजोबा, तुम्ही नेहमी नायडॉर्फच खेळता ना? सर काल म्हणाले, त्यांच्याशी डी-४ खेळायचंच नाही."

काका क्षणभर गप्प. मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, "ऐकलंस? माझ्यावर तयारी करून आली होती!"

आणि तिच्यासाठी वडापाव सांगितला. वर दोन मिरच्या जास्त.