अनुमोदन कोणाचं?

जिल्हा परिषदेच्या छोट्या प्रशालेत, जिथं विज्ञानाच्या शिक्षकाची जागा कायम रिकामी असते, तिथं राज्यशास्त्राचे एक सर हमखास सापडतात. खिशाला तीन रंगांची पेनं, काखेत इतिवृत्ताची वही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून पेपर 40 मार्कांचा, त्यातही मोठा घास इतिहासाचा. पण सर शिकवतात ते पोरं उद्याच विधानसभेत बसणार असल्यासारखं.

स्टाफरूममध्ये "चहा सांगायचा का?" असं सहज विचारायची सोय नाही. सर चष्म्यावरून बघतात. "सूचक कोण? अनुमोदन कोणाचं?" मग साखरेवर उपसूचना येते, आणि तोवर टपरीवाला जेवायला गेलेला असतो. गणिताच्या बाई हल्ली घरूनच थर्मास आणतात.

निवडणुकीची ड्युटी लागली की बाकीचे मास्तर डॉक्टरचा दाखला शोधतात. सर आनंदानं बॅग भरतात. तिथं शिकलेलं सगळं मग शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत उतरतं. मोबाइलच्या ॲपवर मतदान, पण त्याआधी मॉक पोल, तोही नियमाप्रमाणे 50 मतांचा. शाळेत मतदार किती, हे विचारायचं नाही. डाव्या तर्जनीला मार्करची शाई. आणि 'नोटा' तर हवाच. देशात 2013 पासून आहे, मग पोरांनी काय पाप केलंय?

एका वर्षी स्वच्छतामंत्रिपदाला नोटाच जिंकला. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. सरांचा चेहरा मात्र उजळला. विधानसभेचा नियम लावायचा, म्हणजे नोटाखालोखाल मतं असलेला उमेदवार विजयी, की राज्य निवडणूक आयोगाचा 2018 चा महापालिका-नगरपालिकांचा, म्हणजे फेरनिवडणूक? शाळा म्हणजे काही विधानसभा नव्हे, तेव्हा फेरनिवडणूक! पुन्हा नोटाच आला. आता मात्र नियमानं सर्वाधिक मतांचा उमेदवार, म्हणजे चार मतं मिळवलेला एक लाजरा पोरगा, मंत्री झाला. त्यानं वर्षभर शाळा अशी काही लख्ख ठेवली की विचारू नका.

सरांचं खरं दुःख संविधान दिनाला कळतं. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण ते घसा कोरडा होईस्तोवर समजावतात: राजकारणात भक्ती घातक, कुणाच्याही पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. शेवटी विचारतात, "पटलं का?" सगळी शाळा एका सुरात ओरडते, "हो सऽऽर!" सर खुर्चीत कोसळतात. "अरे, एकानं तरी नाही म्हणा रे!"

यंदा नववीतली एक मुलगी उठली. ठराव मांडला: घंटा झाल्यावर सरांनी शिकवू नये. अनुमोदनाला अख्खा वर्ग उभा. सरांना इतका आनंद झाला की डोळे पुसत त्यांनी ठराव लाल पेनानं वहीत उतरवला, खाली सही केली. तेवढ्यात घंटा झाली. मग मंजूर ठरावाची अंमलबजावणी कशी होते, त्यात कार्यकारी मंडळाची भूमिका काय, हे त्यांनी पुढचा अर्धा तास फळ्यावर आकृती काढून समजावलं.