बाणाची आज्ञा

अँप्लिफायरच्या पाठीत खोचावयाच्या दीड मीटर लांबीच्या वीज-केबलवर बाणाचे चिन्ह असते, आणि वीज त्या बाणाच्या दिशेने वाहिली तरच भीमपलासातला कोमल गंधार खरा कोमल लागतो, हे ताराबाई पार्कातील आमच्या रसिकश्रेष्ठांनी परवा ज्या गांभीर्याने सांगितले, ते गांभीर्य पूर्वी लोक दत्तकविधानासाठी राखून ठेवीत.

आता घरोघर येणारा प्रवाह हा प्रत्यावर्ती. सेकंदाला ५० आवर्तने करणारा, म्हणजे १०० वेळा तोंड फिरविणारा. तेव्हा निम्म्या वेळा तो बाणाचा हुकूम सरळसरळ मोडतो, आणि त्याबद्दल त्यास ताकीद देण्याची काही तजवीज असल्याचे केबलसोबतच्या पुस्तिकेत नमूद नाही. त्यातून तांब्यातला इलेक्ट्रॉन पक्का घरकोंबडा. अँप्लिफायर ओढतो तेवढ्या किरकोळ प्रवाहात तो एका हेलकाव्यात केसाच्या जाडीइतकेही अंतर तोडीत नाही. कोयनेचे पाणी पोफळीच्या जनित्रांवर कोसळून वीज होते खरी, परंतु तिथला एकही इलेक्ट्रॉन आजवर कोल्हापुरास आलेला नाही, कारण वाटेतली रोहित्रे त्याला ओलांडूच देत नाहीत. येतो तो केवळ धक्का. ज्याला कोठेही जावयाचे नाही अशा प्रवाशाला हा बाण वाट दाखवितो! आणि तो धक्का ज्या मार्गाने येतो, त्या ११ केव्हीच्या ॲल्युमिनियमच्या तारा वडाच्या फांद्यांना घाशीत आणि तुटक्या पतंगांची तोरणे मिरवीत गल्लीतल्या झाकण हरवलेल्या डीपीपाशी पोचतात, तेथे फ्यूजच्या जागी कोणा वायरमनने जाता जाता पिळलेली तार असते, पुढे भिंतीत गवंड्याच्या हातून चेचलेली जुनी वायर असते, आणि या साऱ्या बेवारस प्रवासाचे पाप शेवटच्या दीड मीटरमध्ये धुऊन निघते, अशी या संप्रदायाची श्रद्धा. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढल्याखेरीज पेलाभर दूध न घेणाऱ्या शहरात म्हशीच्या किमतीची ही केबल मात्र डोळे मिटून विकत घेतली जाते, कारण म्हणे डोळे मिटल्यावरच तिचा फरक कळतो.

स्पीकरमधून बारीक घरघर येते, हे रसिकश्रेष्ठांनाही मान्य आहे. बंगला बांधला तेव्हा कोळसा आणि मीठ भरून केलेला अर्थिंगचा खड्डा परसात कोरडा ठणठणीत पडला असून त्यावर तुळशीची कुंडी विराजमान आहे. घरघरीचे मूळ कदाचित तेथेच असेल, तेव्हा कुंडी सरकवून दोन बादल्या पाणी ओतून पाहावे, असे सुचविताच, ज्ञानेश्वरीच्या पारायणात मध्येच कोणी भाजीचा भाव विचारावा तशा मुद्रेने त्यांनी आमच्याकडे पाहिले.

येथवर सारे विनोदाने सोसले असते. परंतु पुढे ते म्हणाले, की संगीत खरे ऐकावे ते रात्री बारानंतर. कारण तेव्हा वीज ‘शुद्ध’ असते. त्याच बाराच्या सुमारास कागल-शिरोळकडचा शेतकरी हातात बॅटरी घेऊन, घोणशीच्या धास्तीने पाय आपटीत, उसाला पाणी पाजण्यास निघालेला असतो, कारण त्याच्या पंपाला थ्री-फेज वीज मिळण्याची पाळी त्या आठवड्यात रात्रीची असते! त्याच्या जिवाची किंमत सरकारदरबारी कोणत्या रकान्यात मांडतात ते पंचनामा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. आणि इकडे गादीवर लोळत विजेचे सोवळे तपासणारे हे महाभाग! आम्ही त्यांना हे सुनावले, तेही चढ्या आवाजात.

रसिकश्रेष्ठ मुळीच विचलित झाले नाहीत. उलट, पंपांच्या मोटारींमुळेच मध्यरात्रीचा प्रवाह थोडा गढूळ होतो असा आपला जुना संशय असून शेतीला वीज दिवसाच द्यावी, अशी फिर्याद गुदरण्यास आपण तयार आहोत, असे ते म्हणाले. नेमकी हीच मागणी घेऊन शेतकरी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत आला आहे. तेव्हा दोघांनी मिळून अर्ज एकच करावा. कारणाचा रकाना तेवढा निरनिराळ्या हस्ताक्षरात भरावा.