पोरगी चालली, बदल्यात कोण येणार?

"अगं, समोरच्यांकडे काल पोलीस कशाला आला होता?"

काकूंचा पहिला प्रश्न हा असा येतो, भिंतीवर कोपर टेकायच्याही आधी. भिवंडीच्या गोकुळनगरातल्या आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. तिच्यावर गोधड्या, पापड आणि आळीतल्या बातम्या एकदमच वाळत पडतात.

"पासपोर्टच्या चौकशीला, काकू. त्यांची पोरगी स्पेनला चाललीय."

"आणि इकडे मी काय ऐकलं माहितीये? कोपऱ्यावरची म्हणाली, पोरीने परस्पर लग्न जमवलं, म्हणून पोलीस."

"तिचं काही ऐकू नका. स्पॅनिश शिकायला चाललीय. पाच महिने."

"भाषा शिकायला एवढ्या लांब? इथे शिकवत नाहीत?"

शिकवतात की. पोरगी पुण्याला होस्टेलवर राहून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिशचा वर्गही करत होती. दिल्लीत तर स्पेन सरकारची सेर्व्हांतेस इन्स्टिट्यूट आहे, देले नावाची परीक्षा तीच घेते. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या. पोरगी बी-वनपर्यंत चढली आणि तिथे अडली. आता तिच्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी सालामांकाला जायची संधी आली. स्पॅनिश शिकायला जगभरची पोरं जिथे जातात ते गाव. विद्यापीठ 1218 सालचं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हाचं. दारावरच्या दगडी नक्षीत एका कवटीवर बारकासा बेडूक कोरलाय. ज्या विद्यार्थ्याला तो कोणी न दाखवता सापडतो तो पास होतो, अशी तिकडे समजूत.

"मग अभ्यास कशाला करायचा?" काकू म्हणाल्या. "बेडूक शोधा नि घरी या."

हे एक्स्चेंज म्हणजे नक्की काय, हे मलाही पोरीच्या आईकडूनच कळलं. वहिनींनी भाजी निवडता निवडता सांगितलं. फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडे एक पैसा द्यायचा नाही. तिकडच्या पोरांनी त्यांची फी तिकडेच भरायची नि इकडे येऊन शिकायचं. परीक्षा तिकडे द्यायची, पण क्रेडिट जमा होणार इथल्या मार्कलिस्टवर. वर्ष वाया जात नाही. एरास्मस प्लस म्हणून युरोपियन युनियनची योजना आहे, 1987 मध्ये नुसत्या एरास्मस नावाने युरोपातल्या पोरांसाठी सुरू झालेली, हल्ली आपल्याकडच्यांनाही मिळते. ती मिळाली तर महिन्याला साडेआठशे युरोच्या आसपास हातात पडतात, वर प्रवासाचे पैसे. हिचा करार तसला नाही. फी माफ, बाकी राहणं-खाणं बापाच्या, म्हणजे भाऊंच्या खिशातून. व्हिसाला महिन्याला 600 युरोप्रमाणे पैसे दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांचे आजच्या भावाने तीन लाख तर झालेच.

"म्हणून भाऊंनी कारखान्यातले दोन माग भंगारात काढले!"

आळीचा हिशेब हा असा. माग काढले हे खरं, पण ते स्पेनपायी नव्हे. दिवाळीपासून बंदच होते ते. सुताचा भाव रोज वर, ताग्याला गिऱ्हाईक नाही, वर विजेचं बिल. भिवंडीत बंद माग किलोवर विकणारे भाऊ काही पहिले नाहीत. पण पोरगी परदेशी चालली की बापाची प्रत्येक विक्री तिच्याच नावावर लागते. हीच पोरगी मुलगा असती, तर याच आळीने बापाला हार घातला असता.

मागांवरून आठवलं. सालामांका जिल्ह्यातच बेहार नावाचं गाव आहे, लोकरीच्या कापडाचं. भाऊंना पोरीने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बिहारला कशाला? आपले सगळे कारागीर तिकडचेच." मग तिने फोनवर फोटो दाखवले. नदीकाठच्या ओळीने गिरण्या, बहुतेक बंद पडलेल्या, आणि जुन्या यंत्रांचं म्युझियम. भाऊ बराच वेळ बोट फिरवून फोटो मोठे करत होते. "यांच्याकडे कारखाना बंद पडला की तिकीट लावतात," म्हणाले. "आपल्याकडे भंगारवाला येतो."

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "पोरीला तिकडचं बोलणं जमेल का?"

मला विचाराल तर भिवंडीच्या पोरीला भाषेचं भय घालण्यात अर्थ नाही. पद्मानगरात मैत्रिणीकडे पडीक असायची, तिथे तेलुगू उचलली. तिला कोणी क्लास लावला होता का? वंजारपट्टी नाक्यावरच्या दुकानांतून उर्दू आली, बापाच्या कारखान्यात डबा द्यायला जाऊन भोजपुरी. शिव्यांसकट आली, ते वहिनी सांगत नाहीत. पुण्याच्या वर्गात मात्र क्रियापदाची सहा-सहा रूपं घोकूनही समोरच्याशी बोलताना ततपप व्हायचं. मॅडमनीच सांगितलं म्हणे, होस्टेल घेऊ नकोस, एखाद्या घरात राहा.

घर मिळालंय. सत्तरीची एकटी बाई, तीन खोल्या, एक पोरीला. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वहिनींकडेच होते, विरजण मागायला गेले होते. बाई अशा भरभर बोलत होत्या की पोरगी नुसतीच "सी, सी" करत मान हलवत होती. वहिनी मागून ढोसत होत्या, "जेवायचं विचार, जेवायचं." तिकडे म्हणे मांसाचे अख्खे तंगडे दुकानात टांगलेले असतात आणि डाळीतही सॉसेज पडतं. पोरीने कसंबसं विचारलं. बाई उठून आत गेल्या नि काचेची बरणी घेऊन आल्या, फोनच्या अगदी नाकापाशी धरली. मसूर! त्यांच्या शेजारच्या आर्मुन्या भागातला, तिकडे नावाजलेला. वहिनी तडक स्वयंपाकघरात गेल्या, आपला मसुराचा डबा आणला, झाकण काढून फोनपुढे धरला. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. वहिनी मराठीत म्हणाल्या, "आम्ही याला लसणाची फोडणी देतो." बाई पुन्हा बोलल्या. वहिनी पुन्हा बोलल्या. एकीचं अक्षर दुसरीला कळलं नाही, पण दहा मिनिटं दोघी थांबायला तयार नव्हत्या. पोरगी मधे दुभाष्या म्हणून बसली होती, तिला कोणी विचारेना. शेवटी बाईंनी सॉसेजवर बोटाने फुली मारून दाखवली, तेव्हा वहिनी मोकळ्या झाल्या.

"जेवण दुपारी अडीच-तीनला नि रात्रीचं दहाच्या सुमाराला असतं तिकडे," मी सांगितलं.

"म्हणजे आपल्या नाइट पाळीसारखं," काकू म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली आला. "मला एक सांग. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल ना? आपली गेली, तर तिकडून कोण येणार?"

"तसं एकास एक लगेच नसतं, काकू. करारात जागा ठरलेल्या असतात. यंदा नाही तर पुढच्या वर्षी येतील. नाही तर येतही नाहीत."

"म्हणजे आपणच पाठवत राहायचं!"

इतका वेळ ओसरीवर पेपर वाचत बसलेले काका इथे बोलले. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे मनमाडचे. "येऊन गेलाय तिकडचा माणूस," म्हणाले. "आमच्या मनमाडला."

व्हिसेंट फेरर. बार्सिलोनाचा जेझुइट पाद्री, 1952 मध्ये मुंबईत उतरला, पुढे मनमाडला आला. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मागे लागून विहिरी खणवल्या. काका तेव्हा शाळेत होते. 1968 मध्ये सरकारने त्याला देश सोडायला सांगितलं, तर हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे पायी निघाले. तीस हजार होते असं सांगतात. जावं लागलंच त्याला. पण 1969 मध्ये तो भारतात परत आला आणि आंध्रात अनंतपूरला राहिला. पुढे संसारही तिथेच थाटला आणि 2009 मध्ये गेलाही तिथेच.

"विहिरी खणायला आला तो," काकू म्हणाल्या. "मराठी शिकायला थोडाच?"

"मग शेतकऱ्यांशी विहिरीचं काय स्पॅनिशमध्ये बोलायचा?" काका पुन्हा पेपरमागे गेले.

काकू जरा गप्प बसल्या. एवढ्यात वहिनी गॅलरीत कपडे काढायला आल्या, तशा काकूंनी इथूनच हाक मारली, "अहो, ऐकलं का! तिकडची पोरगी आली ना, तर आमची वरची खोली रिकामी आहे. पण भाड्याचं आधी बोलून घ्या. आणि मसूर चालतो का, विचारून ठेवा."